डिस्क बदलण्याआधी

खोपोलीच्या बाजारपेठेतली पतसंस्था, कर्जत स्टेशनाजवळचे दहा-बारा खाटांचे रुग्णालय, नेरळची शाळा, चौकजवळचा वजनकाटा, पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रातला रसायनांचा लहान कारखाना. यांपैकी कुठेही सर्व्हर शोधायला गेलात तर तो जिन्याखाली सापडेल, हिशेबनिसाच्या टेबलाखाली सापडेल, किंवा जुन्या फायलींच्या खोलीत, जिथे पावसाळ्यात भिंतीला ओल धरते. त्या खोक्यात मात्र बरेच काही असते. सभासदांच्या ठेवी आणि कर्जाचे हप्ते, रुग्णांचे एक्स-रे, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, ट्रकांच्या वजनाच्या पावत्या, बॅचवार तपासणीचे अहवाल. जमिनीच्या नोंदींचे तेवढे बरे झाले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि त्या नोंदी जपण्याची काळजी राज्यपातळीवरच्या यंत्रणेने घेतली. बाकीच्या नोंदींना असा मोठा वाली नाही. त्या ज्याच्या त्याच्या जिन्याखालीच आहेत, आणि तिथे काही बिघडले की ज्याला फोन जातो त्या तंत्रज्ञासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

फोन कशासाठी येतो तेही ठरलेले असते. सर्व्हरवर पिवळा दिवा लागलेला असतो, आतून बीप वाजत असते, किंवा दुपारी बाराला सगळे संगणक एकदम अडकतात आणि पाच मिनिटांनी आपोआप सुटतात. तिथे पोचलेला तंत्रज्ञ हुशार असतो, घाईत असतो, समोर व्यवस्थापक उभे असतात, आणि निदान तयार असते: डिस्क गेली. नवी डिस्क येते, बसते, दिवा हिरवा होतो, बिल होते. काही आठवड्यांनी त्याच खणातली डिस्क पुन्हा जाते. मग कंपनी वाईट ठरते, माल बनावट ठरतो. दुसऱ्या कंपनीची डिस्क आणली जाते, आणि तीही टिकत नाही.

या पुस्तिकेचे सगळे म्हणणे एवढेच आहे की डिस्कवर ठपका ठेवण्याआधी डिस्कपर्यंत जाणारी वाट तपासावी, आणि वाट तपासण्याआधी माहितीची प्रत काढावी. पहिले काम जवळजवळ कुणी करत नाही. दुसरे करायचे असते हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी घाईत तेच राहून जाते.

ही वाट केवढी लांब आहे ते आधी पाहू. फिरत्या तबकडीवरून हेड जे वाचते ते डिस्कच्या खालच्या सर्किट बोर्डावर येते. तिथून जोडणीच्या दातांमधून बॅकप्लेनवर, बॅकप्लेनवरून केबलने कंट्रोलर कार्डावर, कार्डावरच्या मेमरीत, मग ड्रायव्हरमधून ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत. या प्रत्येक टप्प्याला वीज लागते आणि प्रत्येक टप्प्यावर फर्मवेअर म्हणून कुणीतरी लिहिलेला कोड चालतो. यांपैकी काहीही चुकले तरी पडद्यावर एकच दिसते: अमुक खणातली डिस्क उत्तर देत नाही. २००८ साली वेइहांग जियांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटॲप कंपनीच्या सुमारे ३९ हजार साठवण यंत्रणांच्या, म्हणजे जवळपास १८ लाख डिस्कच्या, ४४ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. यंत्रणांच्या प्रकारानुसार आकडे बदलत होते, पण एकूण बिघाडांत खुद्द डिस्कचा वाटा २० ते ५५ टक्के निघाला. केबल, जोडण्या, डिस्क बसवायची पेटी यांचा वाटा २७ ते ६८ टक्के होता. म्हणजे चांगल्या इमारतीतल्या, चांगल्या निगराणीतल्या यंत्रणांमध्येही वाटेतले बिघाड डिस्कच्या बिघाडांच्या तोडीचे, पुष्कळदा त्यांहून जास्त. मग आपल्याकडच्या जिन्याखाली काय होत असेल?

आपल्याकडे सर्वांत आधी हवा तपासली पाहिजे. म्हणून या पुस्तिकेचे दुसरे आणि सर्वांत लांब प्रकरण हवेवर आहे. वर सांगितलेली गावे ज्यांत येतात ते कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी आहेत. समुद्रावरून आलेले ढग माथेरानच्या डोंगराला आणि बोरघाटाला अडतात आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. जुलैत कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरते, पुस्तकांना बुरशी येते, हे घरोघरी ठाऊक आहे. तीच हवा सर्व्हरच्या पंख्यांतून दिवसरात्र आत जाते, हे लक्षात घेतले जात नाही.

मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरांमधल्या दहा लाखांहून अधिक डिस्कचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बाहेरच्या हवेने थंड होणाऱ्या केंद्रांत डिस्क कशामुळे जातात हा त्याचा प्रश्न होता. तोवर पुष्कळ जण तापमानाला दोष देत. या अभ्यासात सर्वाधिक परिणाम दिसला तो सापेक्ष आर्द्रतेचा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दमट केंद्रांत वाढलेले बिघाड मुख्यतः डिस्कच्या कंट्रोलर आणि जोडणीच्या भागातले होते, तबकडीचे नव्हते. तबकडी बंद पेटीत असते आणि तिला येणारी हवा गाळणीतून येते. सर्किट बोर्ड आणि जोडणीचे दात उघड्यावर असतात. आपल्याकडे मेलेली म्हणून बाजूला टाकलेली डिस्क कोरड्या खोलीत दुसऱ्या केबलवर लावली की कधीकधी मुकाट्याने चालू लागते, त्याचे कारण बहुतेक वेळा इथे असते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि आपल्या सवयीच्या ती नेमकी उलट आहे. सर्व्हरच्या मागच्या भागात, म्हणजे गरम बाजूला, बसवलेल्या डिस्क दमट हवेत जास्त टिकल्या. कारण साधे आहे. हवा तापली तरी तिच्यातली वाफ तेवढीच राहते, पण सापेक्ष आर्द्रता उतरते. जुलैतल्या रात्री २६ अंशांवर ९५ टक्के दमट असलेली हवा सर्व्हरच्या आत ३६ अंशांपर्यंत तापली तर तीच हवा ५४ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पावसाळ्यात चालू सर्व्हर स्वतःला कोरडा ठेवत असतो. शनिवारी संध्याकाळी वीज वाचवायला तो बंद केला की सोमवार सकाळपर्यंत त्याच्या आत बाहेरच्याइतकीच ओल शिरते. सोमवारी सकाळी ‘अचानक’ गेलेल्या डिस्कचे गूढ पुष्कळदा तिथेच उकलते.

वातानुकूलनाची गोष्टही अशीच आहे. दिवसभर एसीने खोली २२ अंशांवर ठेवायची, सहाला एसी बंद करून खिडकी उघडायची, हा सर्वांत वाईट प्रकार. वर सांगितलेल्या जुलैच्या हवेत २५ अंशांच्या खाली गार झालेल्या कुठल्याही पत्र्यावर दव धरते. एसी लावायचा तर चोवीस तास, आणि कोरडी हवा राखण्यासाठी. ते परवडत नसेल तर एसीशिवाय, वारा खेळता ठेवून, सर्व्हर सतत चालू ठेवलेला बरा. उन्हाळ्यात कर्जतचा पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा गणित बदलते. एप्रिल-मे आणि जुलै-ऑगस्ट यांचे नियम वेगळे हवेत, आणि पुस्तिकेत ते वेगळेच दिले आहेत.

ओलीच्या जोडीला वायू येतात. खोपोलीपासून रसायनीपर्यंतच्या पट्ट्यात कारखाने आहेत, महामार्गावर डिझेलचा धूर आहे, गावांत उघडी गटारे आहेत. गंधकाची संयुगे हवेत अगदी थोडी असली तरी चांदी आणि तांब्याला पुरतात. युरोपात जुलै २००६ पासून शिसे असलेल्या सोल्डरवर निर्बंध आले. त्यानंतर जगभर बोर्डांची पृष्ठे बदलली, अनेक बोर्डांवर चांदीचा पातळ थर आला, आणि गंधकाच्या हवेत तो थर काळा पडून शेजारच्या रेषेकडे सरकू लागतो. उद्योगाच्या मानकात सुरक्षित हवेची मोजणी अशी आहे: महिन्याभरात तांब्याच्या पट्टीवर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी आणि चांदीच्या पट्टीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी गंज चढला पाहिजे. एवढे सूक्ष्म मोजण्याची सोय आपल्याकडे नसते. पण सर्व्हरशेजारी चांदीची स्वच्छ तार महिनाभर टांगून ठेवणे कुणालाही जमते. ती महिन्यात काळवंडली तर त्या खोलीत डिस्क बदलत बसण्यात अर्थ नाही, आधी खोली बदलावी लागेल.

जोडणीच्या दातांबद्दल एक कळकळीची सूचना. ते खोडरबराने घासू नका. पुष्कळ दुकानांत ती रीत आहे आणि त्या दिवशी गुणही येतो. पण दातांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. तो घासला गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच गंज धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरा, पूर्ण वाळू द्या, आणि मगच डिस्क खणात नीट खटका लागेपर्यंत बसवा.

हवेनंतर वीज. या भागाचा विजेशी संबंध देशातल्या बहुतेक ठिकाणांपेक्षा जुना आहे. घाटावरच्या तलावांचे पाणी खाली सोडून चालणारे टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. आज आपल्या गावात येणारी वीज झाडांमधून जाणाऱ्या तारांवरून येते, आणि जूनच्या पहिल्या वाऱ्यात फांदी टेकली की अर्धा सेकंद जाते, परत येते, पुन्हा जाते. पूर्ण अंधार झाला तर सगळ्यांना कळते. हा अर्धा सेकंद कुणाच्या लक्षातही राहत नाही आणि सर्व्हरला तोच जास्त जाचतो.

कसे ते पाहा. स्वस्त यूपीएस लाइट गेल्यावर बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो. सर्व्हरचा नवा एसएमपीएस तेवढा वेळ आपल्या कपॅसिटरांवर तग धरतो. पाच-सहा उन्हाळे झालेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर सुकलेले असतात आणि त्याची ताकद उरत नाही. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर ओढते. वीज परत येताच सहा डिस्क एकदम उठल्या तर बारा अँपिअर. त्या क्षणी १२ व्होल्टचे ११ झाले की एखादी डिस्क मध्येच गळते. कंट्रोलर तिला मेलेली धरतो. तिच्यात मात्र काहीच बिघडलेले नसते.

यावरून पुस्तिकेतला पहिला निदानाचा नियम निघतो. नोंदींतली वेळ बघा. एकाच सेकंदाला दोन-तीन डिस्क गळल्या असतील तर त्या एकदम मेलेल्या नाहीत, त्यांना जोडणारे काहीतरी गेले आहे: वीज, बॅकप्लेन, केबल किंवा कंट्रोलर. बिघाड खणाबरोबर राहतो की डिस्कबरोबर फिरतो, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी डिस्कची जागा बदलून पाहावी लागते, आणि ते माहितीची प्रत हाती आल्याशिवाय कधीही करायचे नाही.

डिस्क स्वतःबद्दल जे सांगते ते स्मार्ट नावाच्या नोंदीत असते. त्यात पुष्कळ आकडे दिसतात, पण रोजच्या कामाला चार पुरतात. क्रमांक ५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत वाचता न आलेले. हे तीन वाढत असतील तर तबकडी खरोखर आजारी आहे. चौथा १९९, केबलवरून जाताना बिघडलेल्या माहितीची मोजणी. हा एकटाच वाढत असेल आणि बाकीचे शून्य असतील, तर डिस्क बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणे. केबल बदला, दात पुसा, आणि आकडा टिपून ठेवा. १९९ कधी उतरत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा कालपासून वाढला का हे पाहायचे असते.

मात्र स्मार्टवर आंधळा विश्वासही नको. गुगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बरोसो यांनी एक लाखाहून अधिक डिस्कवर केलेला अभ्यास २००७ साली आला. पहिली स्कॅन त्रुटी दिसलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत जाण्याची शक्यता निरोगी डिस्कच्या ३९ पट असते, असे त्यांना आढळले. पण त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कनी चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. स्मार्टने धोका सांगितला तर तो लगेच ऐकायचा. त्याने काहीच सांगितले नाही म्हणून निर्धास्त राहायचे नाही. त्याच वर्षी श्रोडर आणि गिब्सन यांनी आणखी एक समज मोडला. डिस्कच्या पत्रकावर दहा ते पंधरा लाख तासांचे आयुष्य छापलेले असते. त्या हिशेबाने वर्षाला शंभरातली एकही डिस्क जाऊ नये. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के डिस्क बदलाव्या लागणे ही नेहमीची गोष्ट होती आणि काही ठिकाणी प्रमाण तेरा टक्क्यांपर्यंत गेले होते. या ‘बदललेल्या’ डिस्कमध्ये वाटेतल्या बिघाडापायी बळी गेलेल्याही काही असणारच.

आता रेडकडे वळू, कारण आपल्याकडे सर्वांत मोठे नुकसान रेडवरच्या भरवशातून होते. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलेली कल्पना सुंदर होती: एका महाग डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क, आणि एखादी गेली तरी बाकीच्यांवरून तिची माहिती पुन्हा उभी करायची. रेड-५ चा हिशेब तीन भावांच्या वाटण्यांसारखा आहे. दोघांचे वाटे आणि एकूण बेरीज माहीत असेल तर तिसऱ्याचा वाटा काढता येतो. दोघांचे वाटे हरवले की बेरीज काही सांगू शकत नाही.

हा दुसरा वाटा हरवतो तो बहुधा रिबिल्डच्या वेळी. नवी डिस्क घातली की बाकीच्या सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. त्यांत असे कोपरे असतात जे वर्षानुवर्षे कुणी वाचलेले नसतात, आणि त्यातला एखादा कधीच खराब झालेला असतो. नेटॲपच्याच १५ लाखांहून अधिक डिस्कच्या बत्तीस महिन्यांच्या पाहणीत ३.४५ टक्के डिस्कवर असे लपलेले खराब सेक्टर सापडले होते. यावर उपाय एकच, आणि तो फुकट आहे. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क आपण होऊन वाचून काढायच्या. कंट्रोलरमध्ये त्याला पॅट्रोल रीड म्हणतात, लिनक्समध्ये स्क्रब. बहुतेक सर्व्हरांत ही सोय असते आणि बहुतेक ठिकाणी ती कुणी तपासलेली नसते.

साधी घरगुती डिस्क रेडमध्ये घातली की वेळेचा एक घोटाळा होतो, आणि निरोगी डिस्क मेलेली ठरण्याचे हे फार मोठे कारण आहे. खराब सेक्टर भेटला की घरगुती डिस्क तो वाचण्यासाठी मिनिटभरसुद्धा धडपडते, कारण तिच्याकडे दुसरी प्रत नसते असे ती धरून चालते. सर्व्हरसाठीची डिस्क सुमारे सात सेकंदांत हार मानते आणि कंट्रोलरला सांगते की बाकीच्यांवरून काढ. लिनक्स साधारण तीस सेकंद वाट पाहतो आणि मग डिस्कचा दुवाच तोडून नव्याने जोडतो. एका सेक्टरपायी सबंध डिस्क बाहेर फेकली जाते. काही डिस्कमध्ये ही मुदत एका आज्ञेने सात सेकंदांवर आणता येते. जिथे येत नाही तिथे ऑपरेटिंग सिस्टिमचीच वाट पाहण्याची मुदत वाढवायची. दोन्ही रीती पुस्तिकेत आहेत. खरेदीच्या वेळीही जपावे लागते. २०२० साली उघड झाले की वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (म्हणजे लाल) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क, ज्या रेड रचनेसाठीच विकल्या जात होत्या, त्यांत माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या होत्या. अशा डिस्क रिबिल्डच्या सलग लिखाणात इतक्या मंदावत की कंट्रोलर त्यांना बाहेर काढी. पत्रकावर तेव्हा तसे लिहिलेले नव्हते. आता लिहितात, ते वाचून घ्यावे.

कंट्रोलरच्या प्रकरणात मी सावकाश गेलो आहे, कारण चूक झाली तर इथे ती परत फिरवता येत नाही. कंट्रोलरच्या मेमरीला आधार देणारी छोटी बॅटरी असते. ती संपली की कार्ड सावध होते आणि लिहिलेले प्रत्येक अक्षर डिस्कवर पोचेपर्यंत थांबते. सर्व्हर एकाएकी कमालीचा संथ होतो आणि सगळे डिस्कला किंवा सॉफ्टवेअरला दोष देतात. काही जण ही सावधगिरीच सेटिंगमधून बंद करून टाकतात. मग बॅटरीशिवाय मेमरीत साठलेले लिखाण पुढच्या लाइट जाण्यात हरवते, आणि पतसंस्थेच्या खात्यात जमा दिसते पण नावे दिसत नाही. बॅटरी बदला, सेटिंग बदलू नका. कार्डावरच्या चिपला सर्व्हरच्या वाऱ्याची सवय असते. साध्या डेस्कटॉपच्या पेटीत हेच कार्ड घातले की ते तापून अधूनमधून गप्प बसते, आणि तेव्हाही गळालेली दिसते ती डिस्कच.

कार्ड बदलल्यावर पडद्यावर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ असा प्रश्न येतो. तो प्रश्न डिस्कवरची जुनी रचना ओळखीची नाही एवढेच सांगत असतो. तिथे ‘इम्पोर्ट’ असते आणि ‘क्लिअर’ असते. क्लिअर, इनिशियलाइज आणि फॉरमॅट या तीन शब्दांना हात लावायचा नाही. रेड-५ मधल्या दोन डिस्क वेगवेगळ्या दिवशी गळाल्या असतील तर आधी कोणती गळाली हे नोंदीतून काढा. आधी गळालेल्या डिस्कवर जुनी माहिती अडकलेली असते. ती जबरदस्तीने परत घेतली तर शिळी आणि ताजी माहिती एकमेकांत मिसळते आणि मग कुठलीच प्रयोगशाळा ती वेगळी करू शकत नाही. परत घ्यायची ती शेवटी गळालेली, आणि तीही तिची सेक्टरवार प्रत काढल्यावर.

हे सगळे फक्त गरिबाच्या सर्व्हरला होते असे नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. बाजाराच्या निवेदनानुसार दूरसंचाराच्या दुव्यांमधला बिघाड साठवणीच्या जाळ्यापर्यंत पोचला आणि सर्व्हरना साठवण दिसेनाशी झाली. तिथेही दोष तबकडीत नव्हता, वाटेत होता. टोकियोचा शेअर बाजार १ ऑक्टोबर २०२० रोजी दिवसभर बंद राहिला. साठवण यंत्रातल्या मेमरीत बिघाड झाला, राखीव यंत्राने आपोआप सूत्रे घ्यायला हवी होती, पण त्या अदलाबदलीची सेटिंग तशी नव्हती आणि ते त्या दिवसापर्यंत लक्षात आले नव्हते. राखीव यंत्र असणे आणि ते उठते की नाही हे पाहिलेले असणे यांत केवढे अंतर आहे, ते टोकियोकडून शिकावे.

कंपनाचा विषय मी दोन पानांत आटोपला आहे. २००८ च्या अखेरीस ब्रेंडन ग्रेग यांनी चालू डिस्कसमोर मोठ्याने ओरडून त्यांचा वेग पडतो हे मोजून दाखवले. २०१६ साली बुखारेस्टमधल्या एका बँकेच्या केंद्रात आग विझवण्याच्या वायूची चाचणी घेतली तेव्हा नळ्यांच्या आवाजानेच डिस्क निकामी झाल्या. खोपोलीच्या बाजूला पोलादाचे कारखाने आहेत आणि लहान कारखान्यांत प्रेस व कॉम्प्रेसर ऑफिसच्या भिंतीला लागून असतात. सर्व्हर त्या भिंतीपासून दूर, रबराच्या पायांवर ठेवा. एवढे केले तरी पुरते.

एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आणलेल्या डिस्कबद्दल मात्र बजावून सांगतो. त्यांचे वय एक, फर्मवेअर एक, आणि म्हणून शेवटही एकाच वेळी येऊ शकतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपी एंटरप्राइजने कळवले की तिच्या काही एसएसडी ३२,७६८ तास पूर्ण होताच कायमच्या बंद पडतील. म्हणजे तीन वर्षे, २७० दिवस आणि आठ तास. दोष मोजणाऱ्या कोडमध्ये होता. एका दिवशी चालू केलेल्या सगळ्या एसएसडी एकाच तासाला गेल्या असत्या, आणि रेडने तिथे काहीही वाचवले नसते. वेळीच फर्मवेअर घातलेले वाचले.

म्हणून प्रतीचे प्रकरण पुस्तिकेत शेवटी असले तरी ते आधी वाचा. रेड असूनही प्रत हवी, आणि प्रत असूनही ती उघडून पाहायला हवी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीत चुकून माहिती पुसली गेली तेव्हा प्रती काढण्याच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती असे आढळले. आपल्याकडे त्यात भर पडते पाण्याची. १९८९ च्या जुलैत पाताळगंगा नदीचे पाणी रिलायन्सच्या मोठ्या कारखान्यात शिरले होते, आणि उल्हास नदीच्या काठावर पुराचे पाणी कुठवर येते हे कर्जत-नेरळच्या दुकानदारांना भिंतीवरच्या खुणेवरून सांगता येते. सर्व्हरच्या वरच्या फळीवर ठेवलेली बाहेरची डिस्क ही खरी प्रत नव्हे. प्रत दुसऱ्या इमारतीत हवी, चढावरच्या गावात असेल तर उत्तम. महिन्यातून एकदा तिच्यातली एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेली हवी.

काही बाबतींत ही पुस्तिका थांबायला सांगते. डिस्कमधून टकटक किंवा खरखर येत असेल तर वीज काढा आणि पुन्हा देऊ नका, हेड तबकडीवर घासत असते आणि प्रत्येक फेऱ्यात माहिती खरवडली जाते. मग ती स्वच्छ खोली असलेल्या प्रयोगशाळेकडेच गेली पाहिजे. डिस्क तांदळाच्या डब्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवू नका. फ्रीजमधून काढलेल्या डिस्कवर कर्जतच्या हवेत दोन मिनिटांत दव बसते. व्यवस्थापकांना आजच्या आज सर्व्हर चालू हवा असतो. त्यांना स्पष्ट सांगा की आज प्रत काढू आणि उद्या चालू करू. हे सांगताना तंत्रज्ञाची भीड पडते, विशेषतः तो नुकताच आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमधून बाहेर पडला असेल तर. व्यवस्थापकांच्या हाती द्यायला म्हणून पुस्तिकेत एक पान साध्या मराठीत लिहिले आहे, त्यावर सही घ्यायची जागाही ठेवली आहे.

पुस्तिका मराठीत लिहिली, कारण हे काम करणारी मुले-मुली आपसांत मराठीतच बोलतात आणि रात्री साडेनऊला बंद शटरच्या आत, मोबाइलच्या उजेडात, इंग्रजी सूचना उलगडत बसायला त्यांना वेळ नसतो. रिबिल्ड, बॅकप्लेन, सेक्टर हे शब्द जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. आज्ञा मात्र यंत्राला समजतात तशाच, वेगळ्या पानांवर, मोठ्या अक्षरांत छापल्या आहेत.

पहिले प्रकरण सगळ्यांत छोटे आहे आणि ते बिघाड होण्याआधी करायचे आहे. सर्व्हर चालू असताना प्रत्येक खणातली डिस्क कोणत्या अनुक्रमांकाची आहे, कधी बसवली, तिचे ५, १९७, १९८ आणि १९९ हे आकडे आज किती आहेत, कंट्रोलरचे फर्मवेअर कोणते, त्याची बॅटरी कधीची, यूपीएसची बॅटरी कधीची, हे सगळे शेवटच्या पानावरच्या तक्त्यात पेनने लिहायचे. संगणकात नको, कारण लागेल तेव्हा संगणक बंद असेल. एक प्रत सर्व्हरच्या दारावर आतून चिकटवा. दुसरी ज्याच्याकडे कार्यालयाची किल्ली असते त्याच्या घरी ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक नवी ओळ भरायची, आणि जूनच्या आधी एकदा सगळ्या केबल काढून, दात पुसून, पुन्हा बसवून घ्यायच्या.